मध्ययुगीन इंग्लिश पॅरिश चर्च कसं तपासावं: प्रदक्षिणेपासून वेदीपर्यंत

इंग्लंडमध्ये राहणारे किंवा फिरायला गेलेले आपले लोक खेड्यातल्या जुन्या चर्चमध्ये हौसेने शिरतात, रंगीत काचांचे फोटो काढतात, दाराजवळची पाटी वाचतात आणि ‘बाराव्या शतकातलं चर्च’ असं लिहून मोकळे होतात. यात दोन घोटाळे हमखास होतात. पाटीवरचं शतक बहुधा इमारतीच्या एखाद्याच भागाला लागू असतं आणि फोटोतल्या काचा बऱ्याचदा व्हिक्टोरिया राणीच्या काळात बसवलेल्या असतात. पॅरिश चर्च म्हणजे गावकीचं चर्च. पैसा हाती आला की गाव त्यात भर घालत असे, पाडत असे, रुंदावत असे. म्हणून ‘चर्च कधीचं?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ही भिंत कधीची, ही कमान कधीची, हा कोनाडा कशासाठी, असे सुटे प्रश्न विचारा. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे, तो मोडू नका.

पूर्वतयारी

सोबत घ्यायचं सामान थोडंच आहे: अरुंद झोताचा टॉर्च, आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण, पाच मीटरचा टेप, चौकटींची वही, पेन्सिल आणि फोनमधलं होकायंत्र. उन्हाळ्यातही स्वेटर न्या, दगडी चर्च आतून गार असतं. एका चर्चला दीड ते दोन तास द्या. एका दुपारी चार चर्चं उरकणाऱ्याच्या हाती फक्त फोटो लागतात.

चर्च बंद असेल तर किल्ली कोणाकडे मिळेल ते बहुधा पोर्चमधल्या फलकावर लिहिलेलं असतं. रविवारची सकाळ प्रार्थनेची, शनिवार बऱ्याचदा लग्नाचा, तेव्हा हे दिवस टाळा. नियमित प्रार्थना थांबलेली साडेतीनशेहून अधिक चर्चं ‘चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट’ सांभाळतो. तिथे निवांतपणे पाहता येतं.

काही शब्द आधीच तोंडात बसवा. लोक जिथे जमतात तो मोठा भाग म्हणजे नेव्ह. त्याच्या पूर्वेला वेदीचा भाग, तो चान्सेल. नेव्हच्या बाजूची पडवी म्हणजे आइल आणि या दोन्हींमधली खांब-कमानींची रांग म्हणजे आर्केड. आर्केडच्या वरच्या भिंतीतल्या खिडक्यांची ओळ ती क्लिअरस्टोरी. खिडकीच्या डोक्यातली दगडी जाळी ती ट्रेसरी आणि भिंतीला बाहेरून दिलेला दगडी धिरा तो बट्रेस. चान्सेलची डागडुजी पाद्रीपदाचं उत्पन्न घेणाऱ्या रेक्टरकडे असे, नेव्हची गावकऱ्यांकडे. दोन खिसे वेगळे, म्हणून एकाच चर्चमध्ये भव्य नेव्ह आणि अंग चोरून बसलेला चान्सेल दिसला तर नवल नाही.

मुंबईकरांनी निघण्यापूर्वी कुलाब्याचं अफगाण चर्च नीट पाहून घ्यावं. ते १८५८ साली प्रतिष्ठापित झालं. बांधणी तेराव्या शतकाच्या धर्तीची, पण कडा, फरशा, जाळ्या सगळं एकोणिसाव्या शतकातलं. व्हिक्टोरियन हात ओळखायला डोळा इथे तयार होतो, आणि इंग्लंडात त्याची गरज पावलोपावली पडते. राजाबाई टॉवरचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनेच तिकडची कितीतरी मध्ययुगीन चर्चं ‘दुरुस्त’ केली आहेत.

टप्पा १: आत न जाता प्रदक्षिणा

दार उघडं असलं तरी आधी बाहेरून फेरी मारा. सुरुवात दक्षिणेच्या पोर्चपासून करा, इमारत उजव्या हाताला ठेवा आणि पश्चिमेचा टॉवर, उत्तर बाजू, पूर्वेचा चान्सेल असं फिरून परत पोर्चशी या. पहिल्या फेरीत फक्त नकाशा काढा: चौकोन, टॉवर, पडव्या, दारं, खिडक्यांच्या जागा. होकायंत्राने दिशा तपासा. वेदी पूर्वेला असते, पण अगदी काटेकोर पूर्वेला क्वचितच.

उत्तर बाजू सोडू नका. तिकडे गवत वाढलेलं असतं, पायवाट नसते, म्हणून सगळे टाळतात. खर्च मात्र दर्शनी दक्षिण बाजूवर जास्त होत असल्याने जुनी भिंत पुष्कळदा उत्तरेलाच टिकलेली सापडते.

खूण: नकाशात प्रत्येक भिंतीचा दगड कोणता ते लिहिलंय का? फ्लिंटचे (गारेचे) गोटे, ओबडधोबड दगड, घडीव दगड, विटा. दगड जिथे बदलतो, तिथे बहुतेक वेळा कामही बदललेलं असतं.

टप्पा २: सांधे शोधा

सगळ्यात भरवशाचा पुरावा इथे मिळतो आणि सगळ्यात कमी लोक इथे थांबतात. दुसऱ्या फेरीत खिडक्यांकडे बघायचंच नाही, फक्त भिंत बघायची.

पहिली खूण म्हणजे उभी सरळ रेघ. गवंडी थर लावताना दगडांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही. तरीही एखादी फट जमिनीपासून वरपर्यंत सरळ गेली असेल तर तिथे एक बांधकाम संपून दुसरं सुरू झालं आहे. त्या रेघेच्या एका अंगाला कोपऱ्याचे मोठे घडीव दगड दिसले तर तो आधीच्या इमारतीचा कोपरा, आणि दुसऱ्या अंगाची भिंत नंतरची.

दुसरी खूण टॉवरच्या पूर्व अंगावर, नेव्हच्या छपराच्या वर. तिथे उलट्या व्ही आकाराचा उंच दगडी पट्टा दिसला तर ती जुन्या छपराची रेषा. आधीचं छप्पर तीव्र उताराचं होतं. पुढे भिंती चढवल्या, क्लिअरस्टोरी घातली आणि वर शिशाच्या पत्र्याचं जवळजवळ सपाट छप्पर आलं. हे काम बहुधा पंधराव्या शतकातलं.

तिसरी खूण बुजवलेली दारं-खिडक्या. भिंतीत कमानीच्या आकाराचे दगड दिसतात, पण आत पोकळी नसते. अशा दोन दारं-खिडक्यांचे आकार एकमेकांना कापत असतील तर कापलेली आधीची, अखंड असलेली नंतरची.

चौथी खूण पोर्चमध्ये. चर्चच्या दक्षिण दाराजवळ, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, दगडात एक भोक आणि त्यातून निघालेल्या किरणांसारख्या रेघा शोधा. हे प्रार्थनेची वेळ दाखवणारं सूर्यघड्याळ. ते पोर्चच्या आत, सावलीत सापडलं तर दोनच शक्यता: पोर्च नंतर बांधला, किंवा तो दगड दुसरीकडून आणून बसवला. रेघा खालच्या अंगाला असायला हव्यात. त्या वरच्या बाजूला असतील तर दगड उलटा बसवला आहे. भर दुपारी या रेघा दिसत नाहीत. सकाळी किंवा उन्हं उतरताना तिरपा प्रकाश पडतो तेव्हा उठून दिसतात.

सावधान: दगडाचं वय म्हणजे भिंतीचं वय असं धरू नका. डरहॅम परगण्यातलं एस्कम हे छोटं सॅक्सन (१०६६च्या आधीचं) चर्च जवळच्या बिंचेस्टर इथल्या रोमन किल्ल्याचे दगड वापरून उभं केलेलं आहे.

सावधान: गिलावा असेल तर निष्कर्ष राखून ठेवा. एसेक्समधलं रिव्हनहॉलचं चर्च वरून एकोणिसाव्या शतकातलं वाटायचं. १९७०च्या दशकात गिलाव्यामागे सॅक्सन भिंती आणि खिडक्या निघाल्या.

टप्पा ३: आता खिडक्या, कमानी आणि धिरे

शैलींची नावं आता वापरा, त्याआधी नाही. खिडकी सगळ्यात जास्त वेळा बदलली जाते, म्हणून खिडकीवरून भिंतीचं वय ठरवलं की हटकून चुकतं. खिडकी भिंतीपेक्षा जुनी क्वचितच असते, नवी असणं नेहमीचंच.

सॅक्सन काम १०६६च्या आधीचं. कोपऱ्यात एक उभा लांब दगड, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा अशी रचना. खिडकी लहान, कधी डोक्याला त्रिकोणी. नॉर्थँप्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनच्या टॉवरवर हे सगळं एकत्र बघायला मिळतं. नॉर्मन काम साधारण ११९० पर्यंतचं: अर्धगोल कमान, दारावर नागमोडी कोरीव पट्टे, भिंतीला चिकटलेले चपटे धिरे. हेरफर्डशरचं किलपेक आणि ऑक्सफर्डजवळचं इफ्ली ही याची ठळक उदाहरणं.

मग टोकदार कमान येते. अर्ली इंग्लिशमध्ये खिडकी उंच, अरुंद आणि बिनजाळीची. डेकोरेटेडमध्ये, म्हणजे साधारण १२५० ते १३५० या काळात, खिडकी रुंद होते आणि डोक्यात जाळी येते, आधी वर्तुळांची, पुढे नागमोडी वळणांची. परपेंडिक्युलरमध्ये, १३५० नंतर सुमारे १५४० पर्यंत, उभे दगडी दांडे सरळ वर जाऊन कमानीला भिडतात आणि कमानीचं डोकं चपटं होत जातं. नॉर्मन ते परपेंडिक्युलर ही विभागणी थॉमस रिकमनने १८१७ मध्ये रूढ केली. बांधणाऱ्या गवंड्यांना ती ठाऊक नव्हती, त्यामुळे दहा-वीस वर्षं इकडेतिकडे धरून चाला.

धिरे खिडकीपेक्षा कमी वेळा बदलतात, म्हणून पडताळ्याला उत्तम. चपटे असतील तर जुने, खोल पुढे आलेले असतील तर नंतरचे, आणि टॉवरच्या कोपऱ्यावर तिरपे निघालेले असतील तर बहुधा १३०० नंतरचे.

खूण: खिडकीची चौकट जवळून बघा. कडा धारदार, सगळे दगड एकाच रंगाचे, झीज नाही, तर ती व्हिक्टोरियन बदली आहे. कधी जुन्या नमुन्याची प्रामाणिक नक्कल असते, कधी कारागिराने मनाने केलेली भर. खिडकीवरच्या पन्हळपट्टीच्या टोकाला मुखवटे असतात. ते झिजून नाकडोळे गेलेले असतील आणि खालची जाळी कोरीकरकरीत असेल, तर पट्टी जुनी आणि जाळी नवी.

टप्पा ४: आत शिरल्यावर आधी फॉन्ट

वेदीकडे थेट चालू लागू नका. दाराशी थांबा. दाराजवळ भिंतीत छोटं वाटीसारखं कोरलेलं असेल तर ते पवित्र पाण्याचं पात्र, पुष्कळदा फोडलेलं. जवळच, नेव्हच्या पश्चिम टोकाला, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड असतं, तो फॉन्ट. चर्च पाडून नव्याने बांधलं तरी फॉन्ट सहसा टाकत नसत, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी तीच आवारातली सगळ्यात जुनी वस्तू असते.

फॉन्टवर बघायचं ते त्याच्या काठावर. पाणी मंतरून ठेवलेलं असे आणि चेटूक करायला ते चोरीला जाई अशी भीती होती. म्हणून झाकणाला कुलूप लावण्याचा हुकूम होता. कँटरबरीचा आर्चबिशप एडमंड याचा १२३६ चा हुकूम प्रसिद्ध आहे. काठावर समोरासमोर लोखंडी कोयंड्याचे तुकडे, शिशाने बुजवलेली भोकं किंवा टवका उडालेल्या जागी बसवलेली दगडी ठिगळं सापडतात. टॉर्च काठाला समांतर धरा, बोट फिरवून बघण्यापेक्षा तिरप्या उजेडात लवकर कळतं. नॉर्मन फॉन्ट गोल पिंपासारखा किंवा चौकोनी, पंधराव्या शतकातला आठ बाजूंचा. सफोकमध्ये अफर्डला फॉन्टचं लाकडी झाकणच सुमारे १८ फूट उंच आहे.

सावधान: मध्ययुगीन फॉन्ट म्हणजे मध्ययुगीन जागा नव्हे. पायथ्याचा दगड वेगळा, कोरा असेल तर फॉन्ट हलवलेला असू शकतो.

टप्पा ५: नेव्ह आणि आर्केड

आर्केडचे खांब दोन्ही बाजूंना वेगवेगळे आहेत का बघा. जाड गोल खांब आणि वर चौकोनी थाप (खांबाच्या डोक्यावरचा सपाट दगड) असेल तर नॉर्मन. सडपातळ खांब किंवा खांबांचा जुडगा आणि गोल थाप असेल तर अर्ली इंग्लिश. उंच, बारीक, जवळजवळ बिनकोरीव असेल तर परपेंडिक्युलर. पडव्या एकाच वेळी क्वचित वाढवत, म्हणून उत्तर आणि दक्षिण आर्केडमध्ये पन्नास-शंभर वर्षांचं अंतर सहज सापडतं.

मग कमानींच्या वरच्या भिंतीकडे बघा. तिथे बुजवलेल्या जुन्या खिडकीचा तुकडा असेल आणि तो खालच्या कमानीने कापला असेल, तर पडवी नसलेल्या मूळ चर्चची ती बाहेरची भिंत आहे. तीच भिंत फोडून खाली कमानी घातल्या. आर्केडच्या टोकांना भिंतीचा जाड तुकडा तसाच ठेवलेला असेल तर हीच गोष्ट पक्की होते.

आतल्या उघड्या दगडी भिंती बघून ‘किती अस्सल मध्ययुगीन’ म्हणणं ही नेहमीची चूक. मध्ययुगात आतून चुन्याचा गिलावा आणि त्यावर चित्रं असत. दगड उघडे पडले ते बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या खरवडण्याने, आणि त्याबरोबर चित्रंही गेली. विल्यम मॉरिस आणि मंडळींनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच उद्योगावर चिडून. चित्रं शोधायची असतील तर दक्षिण दारातून आत येताच समोर दिसणारी उत्तर भिंत बघा. तिथे बाळ येशूला खांद्यावर घेतलेला सेंट ख्रिस्तोफर रंगवण्याची रीत होती. चित्राला हात लावू नका, रंग चुन्याच्या पापुद्र्यावर तगलेला असतो.

टप्पा ६: रूड, म्हणजे नसलेल्या वस्तूचा शोध

नेव्ह आणि चान्सेल यांच्या मधोमध लाकडी जाळीदार पडदी असे, ती रूड स्क्रीन. तिच्यावर माळा आणि त्याहून वर क्रूसावरचा ख्रिस्त, एका बाजूला मेरी, दुसऱ्या बाजूला जॉन. यालाच रूड म्हणत. धर्मसुधारणेच्या काळात इंग्लंड कॅथलिक पंथापासून दूर गेलं, तेव्हा १५४७-४८च्या सुमारास सरकारने मूर्ती काढायला लावल्या, १५६१ मध्ये माळे उतरवायचा हुकूम निघाला. खालची पडदी काही ठिकाणी राहिली. त्यामुळे इथे वस्तूपेक्षा तिच्या जखमा शोधायच्या असतात:

चान्सेलच्या कमानीजवळ भिंतीत उंचावर, कुठेच न जाणारं दार. हे माळ्यावर जायचं दार, जिन्याचं खालचं दारही जवळपास असतं.

कमानीच्या खांबांत तुळई बसवण्यासाठी पाडलेल्या खाचा, बऱ्याचदा बुजवलेल्या.

पडदीचा खालचा भाग उरला असेल तर त्यावर रंगवलेले संत, चेहरे खरवडलेले. नॉरफोकच्या रॅनवर्थला मात्र असा सुंदर रंगीत भाग चांगला टिकला आहे.

कमानीच्या वर अंतिम न्यायाचं चित्र रंगवत. सफोकमधल्या वेनहॅस्टनला ते लाकडी फळ्यांवर आहे. १८९२ मध्ये चुना फासलेल्या या फळ्या काढून आवारात टाकल्या, पावसाने चुना धुतला गेला आणि खालचं चित्र उघडं पडलं. त्यात आकृत्यांच्या मधोमध क्रूस, मेरी आणि जॉन यांच्या आकाराच्या कोऱ्या जागा आहेत, कारण तिथे खऱ्या मूर्ती चित्रापुढे उभ्या होत्या. रूड कसा असे हे समजून घ्यायला याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

टप्पा ७: चान्सेलमधले कोनाडे

इथे बाजू पक्की धरा, नाहीतर सगळे कोनाडे सारखे दिसतात. वेदीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात दक्षिण, डावा उत्तर.

उजवीकडे, तळाला भोक असलेलं छोटं ताट कोरलेला कोनाडा म्हणजे पिसीना. पाद्री हात आणि प्याला धुई, ते पाणी भिंतीतून पवित्र जमिनीत मुरे. दोन ताटं शेजारी असतील तर बहुधा तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याच्या पश्चिमेला भिंतीत कोरलेली आसनं, साधारण तीन, ती सेडिलिया. डावीकडे साधा चौकोनी कोनाडा, कडेला बिजागरीची खाच, ते भांड्यांचं कपाट. डावीकडेच थडग्यासारखी कोरीव कमान असेल तर ती ईस्टरची समाधी, म्हणजे ईस्टरच्या दिवसांत ख्रिस्ताचं थडगं म्हणून मानायची जागा, असू शकते. लिंकनशरमधल्या हेकिंग्टनची त्यासाठी नावाजलेली आहे.

पिसीना दोन हिशेबांसाठी फार उपयोगी. पहिला: पडवीच्या पूर्व टोकाला पिसीना दिसला तर तिथे एके काळी स्वतंत्र वेदी होती, आज तिथे ऑर्गन किंवा खुर्च्यांची चळत असली तरी. दुसरा: जमिनीची पातळी. पिसीना उभ्या माणसाच्या हाताला यायला हवा. तो गुडघ्याशी आला असेल तर जमीन उचललेली आहे. सेडिलियावर बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर जमीन खाली नेलेली आहे. टेपने उंची मोजून वहीत लिहा आणि नेव्हमधल्या खांबांचे पायथे जमिनीत बुडालेत का त्याच्याशी ताडून पाहा.

मूळ दगडी वेदी बहुधा नसते, १५५० मध्ये त्या काढायला लावल्या. पण दगड टाकून देणं जिवावर येई. म्हणून जमिनीवरच्या मोठ्या फरश्या बघा. चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे पाच लहान क्रूस कोरलेले असतील तर तुम्ही वेदीवर उभे आहात, बाजूला व्हा.

सावधान: वेदीपुढच्या कठड्याच्या आत विचारल्याशिवाय जाऊ नका. दुर्बीण त्यासाठीच आणली आहे.

टप्पा ८: लाकूड आणि काच

बाकं असतील तर जाड फळी, ओबडधोबड पाठ आणि टोकाला कोरीव पानांचा तुरा ही पंधराव्या शतकाची चिन्हं. एकसारखी, पातळ, चकचकीत वार्निशची बाकं व्हिक्टोरियन. त्याआधी बहुतेक लोक उभे राहत, भिंतीलगतचे दगडी ओटे म्हाताऱ्यांसाठी. छप्पर दुर्बिणीनेच बघा. केंब्रिजशरच्या मार्चला छपराच्या तुळयांवर देवदूतांच्या रांगा आहेत, त्या खालून नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांसारख्या दिसतात.

काच तपासायची सोपी रीत अशी. मध्ययुगीन खिडकीत प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा आणि शिशाच्या पट्टीने जोडलेला, बाहेरून काचेवर खड्डे पडलेले. पांढऱ्या काचेवर पिवळा सोनेरी रंग चढवलेला असेल तर काम चौदाव्या शतकाच्या सुरुवातीनंतरचं. गडद लाल-निळं, तैलचित्रासारखे चेहरे आणि खाली ‘अमुकच्या स्मरणार्थ’ असं असेल तर एकोणिसावं शतक. जुनी काच बहुधा जाळीच्या वरच्या लहान तुकड्यांत उरते, कारण तिथे दगड मारणाऱ्याचा नेम पोचत नसे. अख्खा संच बघायचा तर ग्लॉस्टरशरचं फेअरफर्ड, १५०० च्या सुमाराच्या २८ खिडक्या.

वाटाडे सांगतात त्या गोष्टी

कललेला चान्सेल म्हणजे क्रूसावर कललेलं येशूचं मस्तक, पाय ओलांडून झोपलेला दगडी सरदार म्हणजे धर्मयुद्धाला गेलेला, खालची छोटी खिडकी कुष्ठरोग्यांसाठी. तिन्ही गोष्टी छापील पत्रकांत सापडतात आणि तिन्हींना आधार नाही. चान्सेल वाकडा होतो तो वेगळ्या पिढीने वेगळी दोरी धरल्यामुळे. ऐकून घ्या, वहीत लिहू नका.

टप्पा ९: नोंद

बाहेर पडण्याआधी बाकावर बसून बांधकामाचा क्रम लिहा. शतकं नंतर, आधी नुसतं ‘आधी-मग’. उदाहरणार्थ: नेव्हची उत्तर भिंत, मग तिला फोडून आर्केड, मग टॉवर (नेव्हला टेकवलेला, मधे सरळ सांधा), मग क्लिअरस्टोरी, मग पोर्च. प्रत्येक ‘मग’पुढे पुरावा लिहा. पुरावा नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि पुन्हा बाहेर जाऊन तेवढाच कोपरा बघून या.

इंग्लंडच्या राष्ट्रीय वारसा यादीत जवळजवळ प्रत्येक जुन्या चर्चचं वर्णन इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. ते घरी आल्यावर उघडा. आधी वाचलं की डोळे तेवढंच शोधतात. तुमचा क्रम आणि तिथला क्रम जुळला नाही तर सगळ्यात आधी टप्पा २ ची नोंद तपासा, कारण या यादीतली कित्येक वर्णनं काही दशकांपूर्वी घाईत लिहिलेली, चार ओळींची आहेत आणि सांध्यांबद्दल त्यांत अवाक्षर नसतं.